बावीस मिनिटांची डाळ

गेली एकोणतीस वर्षं मी डाळ शिजवायची नोकरी करते आहे. हे वाक्य मी लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे इतक्या वेळा बोलले आहे, की समोरच्याचा चेहरा कसा कसा बदलणार ते आता मला आधीच ठाऊक असतं. आधी तो हसतो. मग त्याला वाटतं, बाई कुठल्यातरी कॅन्टीनमध्ये असतील. मग मी 'प्रयोगशाळा' म्हणते, तेव्हा तो जरा सावरून हसतो. आणि त्यानंतर कुणाची डाळ कुठे शिजते यावरचा तो विनोद येतो. मीही हसते. एकोणतीस वर्षं हसते आहे, आता जबडा दुखतो.

सासूबाईंनी यातून स्वतःपुरता मार्ग काढला. हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांनी सांगून ठेवलं, "सून शास्त्रज्ञ आहे." मी शास्त्रज्ञ नाही. तांत्रिक सहायक म्हणून लागले, वरिष्ठ तांत्रिक सहायक म्हणून निवृत्त होईन. मधल्या काळात दोनच गोष्टी वाढल्या, 'वरिष्ठ' हा शब्द आणि माझं वजन.

काम काय, ते सांगते. तारनाक्याच्या पुढे आमची संशोधन संस्था आहे. तिथे मोठी माणसं तूर, हरभरा, मूग यांचे नवे वाण तयार करतात. दहा-दहा वर्षं एकेका वाणामागे जातात. शेंगा किती लागल्या, मर रोग आला का, पाऊस ओढला तर तग धरला का, हे सगळं शेतात बघून झालं की तो वाण आमच्या दारात येतो आणि आम्ही त्याला एकच बायकी प्रश्न विचारतो, "बाबा रे, तू शिजतोस का? आणि किती वेळात?"

पद्धत सोपी आहे. काचेच्या नळीत मोजून डाळ घ्यायची, तिच्यावर मोजून डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे वाफ थंड करून केलेलं अगदी शुद्ध पाणी. अशा नळ्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात उभ्या करायच्या. बारा मिनिटं झाली की दर दोन मिनिटांनी नळीतले पाच दाणे काढायचे आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबायचे. मध्ये कणी लागली तर कच्चं. पाचही दाणे लोण्यासारखे पसरले की घड्याळ बघायचं आणि लिहायचं. यासाठी यंत्रही असतं. आमच्याकडे एक आलं होतं. आलं त्याच वर्षी ते बंद पडलं आणि आता त्यावर मनीप्लांट छान वाढतोय. तेव्हा यंत्र म्हणजे मीच. उकळत्या दाण्यांनी माझ्या उजव्या अंगठ्याची रेषच गेली. संस्थेत हजेरीचं मशीन बसवलं तेव्हा त्याने तीन दिवस मला गैरहजर धरलं. शेवटी डावा अंगठा नोंदवला. ज्या हाताने काम करते त्या हाताची हजेरी नाही, असा माझा एकूण कारभार.

शिजवून झालं की चाखणं. त्यासाठी संस्थेतलेच सहा-सात जण बसवतात. मीठ नाही, फोडणी नाही, नुसती उकडलेली डाळ आणि पुढ्यात गुण देण्याचा कागद. आमचे ड्रायव्हर गौसभाई या मंडळात आहेत, कारण ते पान खात नाहीत. दर वेळी एक चमचा तोंडात घेतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "मॅडम, बेमार पड़ा तो घर में भी ऐसाच मिलता." मग सगळ्या वाणांना सारखे गुण देऊन निघून जातात.

यात एवढं मोठं काय आहे, असं लोक विचारतात. सांगते. ज्या घरात दूध रोज येत नाही, अंडी मोजून येतात, तिथे डाळ हीच अंगात ताकद येण्याची जागा. पण डाळ शिजायला तासभर लागणार असेल, तर जिचा गॅस महिनाअखेर पुरवायचा असतो ती बाई काय करते? ती डाळ पातळ करते, नाहीतर आठवड्यातून दोनदाच करते. दहा मिनिटं कमी लागली तर तिच्या घरात आणखी एक दिवस डाळ शिजते. आणि शेताचं म्हणाल तर तूर ही देणारी आहे. उपटून तिचं मूळ बघा, बारीक मण्यांसारख्या गाठी दिसतील. त्या गाठींमध्ये राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. पुढे मुळं कुजली, पाला गळून पडला, की त्यातला काही भाग जमिनीत राहतो. खताच्या दुकानातून गोणीने आणतो ते, तूर फुकट ठेवून जाते. हे मी शाळांमधून, मेळाव्यांमधून, एकदा तर एका लग्नात माइक हातात आला म्हणून, इतक्यांदा सांगितलं आहे. मुलगी म्हणते, "आई, तुझी तूर डिपार्टमेंट सुरू झाली की मी हेडफोन लावते." तिचा बाप रेल्वेत आहे. तो हेडफोन लावत नाही, नुसता झोपतो.

एवढ्या वर्षांत माझ्या हाताखालून किती नळ्या गेल्या, त्याचा हिशेब नाही. सगळ्या सारख्याच. लक्षात राहिली आहे ती एकच गोष्ट, आणि ती मी मिरवावी अशी नाही.

सुशीलाबाई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या त्या प्रशिक्षणाला. नारायणखेडच्या पुढे, सीमेवर, जिथे चावडीवर तीन भाषा शेजारी शेजारी बसतात, तिथल्या एका गावच्या. चौदा बायकांचा गट, त्या त्याच्या अध्यक्ष. चाळिशीच्या, उंच, बोलताना पदराचं टोक मुठीत धरणाऱ्या. दिवसभर मोठमोठ्या साहेबांनी पडद्यावर आकडे दाखवले. शेवटी "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं झाल्यावर सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. सुशीलाबाई उठल्या.

"नवी तूर चांगली हाय म्हनता. शिजती किती वेळात?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या आयुष्यात असे क्षण फार आलेले नाहीत. मी उभी राहिले, तक्ता न बघता म्हटलं, "बावीस मिनिटं."

"मग घेते," म्हणाल्या आणि बसल्या.

त्या तुरीच्या ओळी त्यांनी कापसात लावल्या. पीक चांगलं आलं. गटाने डाळीची लहान चक्की घेतली, आणि शहराबाहेरच्या मुलींच्या एका वसतिगृहाला डाळ पुरवण्याचं काम मिळवलं. तीनशे मुली, रोजची डाळ. सुशीलाबाईंचा फोन आला होता, "मॅडम, तुमची बावीस मिनिटं कामाला आली." मी दिवसभर हवेत होते.

दोनेक महिन्यांनी वसतिगृहाचं पत्र आलं. डाळ नीट शिजत नाही, कणी राहते, मुली ताटात टाकतात. सोबत पुरवठादाराकडून घेतलेला नमुना, तपासून कळवावं. मी नमुना तपासला. तीनदा. बावीस, बावीस, चोवीस. दाणे लोण्यासारखे. मी आनंदाने अहवाल लिहिला, 'नमुना उत्तम, शिजण्याचा वेळ अपेक्षेप्रमाणे.' आमच्या विभागप्रमुख मूर्ती सरांनी सही केली, शिक्का बसला. त्या दिवशी मी घरी जाताना भजी घेऊन गेले होते.

तीन आठवड्यांनी गेटवरून फोन आला, कुणी बाई भेटायला आल्या आहेत. सुशीलाबाई होत्या. मी चहा मागवला. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"मॅडम, तुमी चांगलं लिवलं म्हनून आमी चोर ठरलो."

मला काही कळेना. त्यांनी सावकाश सांगितलं. तपासायला पाठवलेला नमुना वसतिगृहाने त्यांच्याकडूनच मागवला होता. माझा अहवाल गेला, नमुना उत्तम. स्वयंपाकघरात मात्र पोत्यातली डाळ शिजेना. याचा अर्थ काय? नमुन्याला नवी डाळ दिली आणि पोत्यात जुनी मिसळली. डाळ फार दिवस उष्ण, दमट जागी पडून राहिली की कडक होते, कितीही उकळा, कणी राहते. अशी जुनी डाळ नवीत मिसळणारे बाजारात असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. वॉर्डनबाईंनी स्वयंपाकघरातल्या सगळ्यांसमोर सांगितलं, तुमचा गट लबाडी करतो. पुरवठा बंद.

"पुरवठा जाऊ द्या," सुशीलाबाई म्हणाल्या. "गावात मान्सं म्हनायलीत, बायांनी गट काडला, दुसरं काय हुनार. चौदा घरच्या बाया मला तोंड दावंनात. अन् ज्या दावतात त्या इचारतात, आक्का, खरं सांग, तू मिसळलीस का? मी काय सांगू? डाळ आमच्याच चक्कीवरची हाय. तुमी तर म्हनला, बावीस मिनिटं."

"घरी तुमची शिजते ना?"

"आमी भिजू घालतो आदी. शिजती की."

मी त्यांना सांगितलं, मी स्वतः जाऊन बघते. असं म्हणताना, खरं सांगायचं तर, माझ्याही मनात आलं होतं, मिसळली असेल का? हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गौसभाईंबरोबर वसतिगृहात गेले. तीन पोती शिल्लक होती, तिन्हींतून माझ्या हाताने मूठ मूठ काढली. स्वयंपाकी यादगिरी, साठीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, माझ्याकडे असा बघत होता जसा मी त्याच्या स्वयंपाकघराचं लग्न मोडायला आले आहे.

"अम्मा, इसकू पप्पू नक्को बोलो. कंकर बोलो."

पप्पू म्हणजे डाळ. जेवणाची वेळ होती. मुली ओळीने बसल्या होत्या. ताटं परत आली तेव्हा भात संपला होता, लोणचं संपलं होतं, डाळ मात्र ताटाच्या कडेला पिवळ्या बारीक खड्यांसारखी. बादलीत ताटं निपटताना आवाज येत होता. डाळीचा असा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

मी हुशारी केली. म्हटलं, तुम्ही चिंच आधी घालत असाल, आंबट पडलं की डाळ आखडते.

यादगिरीने हातातली पळी ठेवली. "चालीस बरस से पका रहा मैं. मेरेकू इमली कब डालनेका, आप सिखाते?"

"रागावू नका. माझ्यासमोर करा. नुसती हळद आणि पाणी."

त्याने केली. रागानेच, पण केली. मी हातात घड्याळ घेऊन मोठ्या भगोन्यासमोर उभी. पन्नास मिनिटं झाली. दाणा दाबला. कणी. यादगिरीने माझ्याकडे बघितलं नाही, ती त्याची सभ्यता.

पोत्यांतली डाळ प्रयोगशाळेत आणून नळ्यांत लावली. बावीस, बावीस, चोवीस.

म्हणजे डाळ जुनी नव्हती. सुशीलाबाई खऱ्या होत्या. यादगिरीही खरा होता. आणि माझं घड्याळही खरं होतं. तीन खरं बोलणाऱ्यांमध्ये मी दोन दिवस वेड्यासारखी फिरत होते. गॅसची ज्योत, भगोन्याचं बूड, डाळीचं माप, सगळं तपासून झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरी डाळ लावायला घेतली. आमच्याकडे नळाला मंजिरा नदीचं पाणी एक दिवसाआड येतं. बाकी सगळं बिल्डिंगच्या बोरवेलवर. मंजिराचं पाणी आलं की सासूबाई आधी एक स्टीलची कळशी भरून ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. ती डाळीची. तिला कुणी हात लावायचा नाही. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यात मला मिळालेली ही पहिली सूचना. त्या दिवशी मी डोकं ठिकाणावर नसल्यासारखी, जवळचा म्हणून बोरचा नळ सोडला आणि पातेलं त्याखाली धरलं.

"अगं, अगं! बोरचं पाणी घालतेस डाळीत? जन्मात शिजेल का ती?"

मी तशीच उभी राहिले. पातेलं भरून वाहायला लागलं.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

"काही नाही. मी गाढव आहे."

"असू दे. आधी पाणी बदल."

वाचकहो, हैदराबादेत ज्या घरात बोर आहे त्या घरातल्या प्रत्येक बाईला ही गोष्ट माहीत आहे. बोरच्या पाण्यात चुन्याचे क्षार असतात. ते दाण्याच्या आतलं बांधलेलं सुटू देत नाहीत, उलट आवळून धरतात, म्हणून डाळ आखडते. मलाही माहीत होतं. रोज सकाळी सात वाजता माहीत असायचं. आणि साडेनऊला तारनाक्याला जाऊन, कोट घालून, मी नळीत असं पाणी ओतत होते जे या देशात कुणाच्याही घरी येत नाही. नियमात 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलं होतं, मी डिस्टिल्ड वॉटर घालत होते. त्या कळशीचं पाणी ऑफिसात नेणं सोडाच, तो विचारही कधी बसमध्ये चढला नाही.

गौसभाईंनी वसतिगृहाच्या बोरचा कॅन आणून दिला. त्याच पोत्यातली डाळ, तीच नळी, तीच मी. चोपन्न मिनिटं.

मी मूर्ती सरांकडे गेले. सर माझ्याशी हिंदीत बोलतात, मी त्यांच्याशी तेलुगूत. दोघांचंही कच्चं आहे, त्यामुळे इतक्या वर्षांत भांडण जमलेलं नाही. त्या दिवशी जमत आलं होतं.

सर म्हणाले, "पद्धत चुकीची नाही. दोन वाणांची तुलना करायची तर पाणी सारखंच हवं."

"तुलनेला ठीक आहे सर. पण आपण तुलना सांगत नाही. आपण बायकांना बावीस मिनिटं सांगतो."

"मग काय लिहायचं म्हणता?"

"की आमचा आकडा आमच्या पाण्याचा आहे. गटाची डाळ नवी आणि चांगली आहे. वसतिगृहाचं पाणी जड आहे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मला त्यांचं वाईट वाटलं. कागद बाहेर गेला, की गेल्या कितीतरी वर्षांच्या तक्त्यांवर तोच प्रश्न येणार होता, आणि त्या प्रत्येक तक्त्यावर त्यांची सही होती. माझीही होती, पण खाली, बारीक.

"तुमच्या नावाने लिहा," ते शेवटी म्हणाले. "मी खाली 'अग्रेषित' लिहून फक्त पुढे पाठवतो."

यापेक्षा जास्त धैर्य मी त्यांच्या जागी दाखवलं असतं का, याचा मी कधी खोलात जाऊन विचार केला नाही. उत्तर माहीत असलं की विचार करायचा कंटाळा येतो.

पण नुसत्या पत्राने काय होणार? वॉर्डनबाईंना मी विनंती केली आणि एका सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोन पातेली मांडली. सुशीलाबाई आणि गटातल्या दोघी पहिल्या बसने आल्या होत्या. एकाच पोत्यातली डाळ, वॉर्डनबाईंनी स्वतः काढलेली. एका पातेल्यात बोरचं पाणी, दुसऱ्यात मुलींना प्यायला असतं ते फिल्टरचं. यादगिरी हाताची घडी घालून भिंतीला टेकला होता. गटातल्या दोघी पातेल्यांकडे अशा बघत होत्या जसं आत डाळ नाही, त्याच आहेत.

सव्वीस मिनिटांनी मी फिल्टरच्या पाण्यातला दाणा दाबला. पसरला. यादगिरीला म्हटलं, तुम्ही बघा. त्याने पळीने दाणे घेतले, फुंकले, बोटात धरले. मग दुसऱ्या पातेल्यातले. मग पुन्हा पहिल्यातले. टॉवेलला हात पुसत तो सुशीलाबाईंकडे वळला.

"बाई, पप्पू का कसूर नै. मैं कित्ती बातां बोला तुमकू. माफ करना."

सुशीलाबाईंनी मान हलवली. गटातल्या दोघींपैकी धाकटी भिंतीकडे तोंड करून रडली.

वॉर्डनबाई चांगल्या होत्या. तक्रार मागे घेतल्याचं त्यांनी तिथेच लिहून दिलं. पण पुरवठा? वर्षभराचं काम एका व्यापाऱ्याला देऊन झालं होतं. आणि फिल्टरचं पाणी डाळीला घालणं शक्य नव्हतं, मुलींना प्यायलाच ते पुरत नव्हतं. मी म्हटलं, निदान आदल्या संध्याकाळी भिजत घाला. यादगिरीने रिकाम्या मांडण्या दाखवल्या, तीनशे पोरींची डाळ भिजेल एवढं दुसरं भांडं कुठे आहे? व्यापाऱ्याची डाळही त्याच पाण्यात शिजत होती, म्हणजे शिजत नव्हती. फक्त आता कुणी कुणाला चोर म्हणत नव्हतं. मुली ताटाच्या कडेला डाळ लावत होत्या आणि भात लोणच्याशी खात होत्या. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी पुन्हा तिथे गेले नाही. हे वाक्य लिहायला मला वेळ लागला.

निघताना सुशीलाबाई म्हणाल्या, "कागद हितं वाचला. आता गावात येऊन वाचा. मी वाचला तर म्हनतील, हिनंच लिवून आनला."

आषाढात गेले. समाजमंदिरात गटाच्या बायका बसल्या होत्या, दारात चार-पाच पुरुष, ज्यांना काही काम नव्हतं आणि ऐकायचं होतं. मी पत्र मराठीत वाचलं. तेलुगू बोलणाऱ्या दोघींना सुशीलाबाईंनी सांगितलं. वाचून झाल्यावर सगळ्यात म्हाताऱ्या एका बाईने विचारलं,

"म्हंजी डाळीचं काई चुकलं नव्हतं?"

"नव्हतं."

"आमचं?"

"नाही."

"मग कुनाचं चुकलं?"

मी पद्धत, नियम, क्षार, तुलना असं सगळं सांगू शकले असते. मला त्यातलं खूप येतं.

"माझं," म्हटलं.

म्हातारीने मान डोलवली. "बरं झालं, सांगाया आलात. कोन येतंय."

बाहेर पडलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर कापूस उभा होता. दर सहा-आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ असायची, ती जागाच नव्हती. सगळा सलग कापूस. मी विचारायच्या आधीच सुशीलाबाई म्हणाल्या, "पेरनीच्या वक्ताला कुनाला इस्वास नव्हता."

त्या जमिनीला त्या वर्षी तूर मिळणार नव्हती, आणि ते कुठल्याही पत्राने परत येणार नव्हतं.

बस यायला वेळ होता. सुशीलाबाई घरात गेल्या आणि विहिरीच्या पाण्याने भरलेले पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन आल्या. वर फडक्यात बांधलेली दोन गाठोडी, एकात आमच्या वाणाची डाळ, एकात त्यांच्या जुन्या गावरान तुरीची. "हॉस्टेलच्या पान्याचं कळलं. आता आमच्या हिरीचं बगा. दोन्ही लावून बगा. काय हाय ते सांगा, गोड करून सांगू नका."

दहा लिटर पाणी मांडीवर आणि पायांत धरून मी हैदराबादला आले. कंडक्टरने विचारलं, तीर्थ का? मी म्हटलं, डाळीचं पाणी. त्याने पुढे काही विचारलं नाही, तिकीट देऊन लांबच्या सीटकडे गेला.

दोन दिवसांनी नळ्या लावल्या. विहिरीच्या पाण्यात आमच्या वाणाला चौतीस मिनिटं लागली. त्यांच्या गावरान तुरीला अठ्ठावीस. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. दोन्ही डिस्टिल्ड पाण्यातही लावून बघितल्या, तिथे पहिला नंबर आमचा, त्यांच्या विहिरीत त्यांचा. मूर्ती सरांची तुलनाही त्या पाण्यात टिकली नव्हती.

मी फोन लावला.

"सुशीलाबाई, तुमच्या पाण्यात आमची चौतीस. तुमची गावरान अठ्ठावीस."

त्या हसल्या, पहिल्यांदाच मोकळ्या. "ही बगा. भिजू नाय घातली तर घरात बी इतकाच वेळ लागतोय. आता खरं बोललात."

"पण गावरान मर रोगाला बळी पडते. आमची तग धरते. ते पण खरंच आहे."

"मग दोन्ही टोकून लावते बांधाच्या कडंनं. तुरीला अजून आठ दिस हायत. म्हातारी बी म्हनली, दोन ओळी मला दे. आता तेवडं लिवून पाठवा, शिक्क्यासकट."

लिहायला बसले तर आमच्या छापील फॉर्मवर वाणाचं नाव आहे, वजन आहे, तापमान आहे, वेळ आहे. पाण्याला रकानाच नाही. कुणाला कधी लागलाच नव्हता. मी पट्टी घेऊन पेनने एक आखला, वर लिहिलं 'पाणी', खाली लिहिलं 'सुशीलाबाईंची विहीर', आणि सरांसमोर सहीला ठेवला. त्यांनी वाचून सही केली. या खेपेला 'अग्रेषित' लिहिलं नाही. नवे फॉर्म छापताना हा रकाना घालू म्हणाले.

जुने फॉर्म अजून संपायचे आहेत. मी रोज सकाळी आधी रकाने आखते, मग नळ्या लावते.